कुत्रा चोथा थुंकत नाही

बन्यामीन साळवेनं सारी नोकरी पाटसच्या बाजूला एका साखर कारखान्यात, मिलवर काढली. रोलरमध्ये ऊस जातो, रस खाली पडतो, चोथा बाहेर येतो. यापलीकडे जगात समजून घेण्यासारखं काही आहे, हे त्याला निवृत्त झाल्यावरही पटलं नव्हतं. कष्टाशिवाय काही अंगी लागत नाही, हे तो दौंडच्या घरी खाटेवर लोळत बायकोला सांगायचा. दबोरा तेव्हा भांडी घासत असायची.

त्याचा कुत्रा बॉयलर. कारखान्याच्या बॉयलरमागं सापडलेला. अंगानं दणकट, अकलेनं मालकाच्या तोडीचा. माणसांवर बन्यामीनचा जीव बेताचाच, या कुत्र्यावर मात्र सगळा.

पुण्याहून आलेली लेक जस्मिन एकदा नाक धरून म्हणाली, "पप्पा, याच्या तोंडाला किती वास येतोय! दात बघा." तिनं पाकीट काढलं. कुत्र्यांनी चघळून दात साफ करायच्या कांड्या.

बन्यामीननं एक वाकवून बघितली. वाकली. "ही काय कांडी हाय? चकली बी यापेक्षा कडक असती."

"मऊच पाहिजे, पोटात विरघळते. आणि देताना समोर बसा. शेवटचा तुकडा काढून घ्या."

"व्हय, मांडीवर घेऊन भरवतो."

जस्मिन गेली. पाकीट फडताळात गेलं. बन्यामीननं बाजारातून कातड्याचं हाड आणलं: पिळून वाळवलेलं, दोन्ही टोकांना गाठ, दगडासारखं. त्यात नख रोवलं तर नखच दुखलं. तो खूश झाला.

"हे पोटात गेलं म्हंजी?" दबोरानं विचारलं.

"जातंय कशाला? ऊस खाताना तू चोथा गिळतीस का? चघळायचं, दात घासून निघत्यात, चोथा थुंकायचा."

"त्याला थुंकायला कुणी शिकवलं?"

"जनावराला उपजत कळतं. तुला बी कळलं असतं, पण..."

दबोरानं पातेलं जरा जोरातच पालथं घातलं.

बॉयलर दुपारभर हाडाशी झटला. बन्यामीन मुकादमासारखा बघत बसला. "बघ कसा राबतोय!" म्हणाला आणि घोरू लागला. जाग आली तेव्हा हाड नव्हतं. मग तो अंगणभर वाकून चोथा शोधत फिरला. पाण्याच्या टाकीखाली, स्कूटरमागं, कढीपत्त्याच्या बुडाशी. बॉयलर जिभल्या चाटत मालकाची गंमत बघत होता.

दुसऱ्या दिवशी कुत्र्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. पाठीची कमान करून ओकायचा; नुसता फेस यायचा. दुपारी उठेनाच. बन्यामीननं त्याला उचलून रिक्षात घातलं. रिक्षावाल्यावर ओरडला, खड्ड्यांवर ओरडला, दबोरावर ओरडायला वळला आणि तिचा चेहरा बघून पुन्हा खड्ड्यांवरच ओरडला.

जनावरांच्या डॉक्टर समृद्धीताईंनी सोनोग्राफी केली. "मामा, कातड्याची गाठ अख्खी गिळलीय. जठराच्या तोंडाशी अडकलीय. पोट उघडावं लागेल."

"पण त्यानं थुंकाया पायजे हुती..."

"कुत्रा थुंकत नाही, मामा."

"चोथा बी न्हाई?"

"घशातून उतरेल ते गिळतो."

"डॉक्टर," दबोरा म्हणाली, "त्याचं झालं की यांचं डोकं बी बघा."

बन्यामीन बाहेर बाकावर बसला. चर्चमध्ये प्रार्थनेची लांबण लावून लोकांना ताटकळवणारा हा माणूस. आज त्याच्या तोंडून "देवा, कुत्रा" एवढंच निघालं.

बॉयलर वाचला. डॉक्टरांनी गाठ ताटलीत दाखवली. फुगली होती, बुळबुळीत झाली होती, विरघळली मात्र नव्हती. शिवाय कुत्र्याच्या एका दाढेचा टवका उडालेला.

"नखानं दबत नाही त्यानं दात साफ होत नाही, मोडतो."

"मग मऊ कांडी देऊ?"

"टाके निघाल्यावर. त्याच्या मापाची, समोर बसून. पण खरं काम ब्रशचं. कुत्र्याची वेगळी पेस्ट मिळते, आपली नको. रोज घासायचे."

"कुणी?"

"तो तर घासणार नाही," समृद्धीताई म्हणाल्या.

हल्ली बन्यामीन सकाळी अंगणात गुडघे टेकतो. एका हातात जबडा, दुसऱ्यात ब्रश. बॉयलर मान झटकतो. फेस चष्म्यावर उडतो. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघतात.

"झालं," म्हणत तो उठायला लागतो.

"डावीकडच्या दाढा राहिल्या," दबोरा दारातून सांगते. तो पुन्हा गुडघ्यावर बसतो.