सात जणांविरुद्ध दोघं

सोमवारी हे वारले. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले, ते उठले नाहीत.

हे वाटूरजवळच्या शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे घरातलं कुठलंही भांडण त्यांना नुसतं भांडण वाटायचं नाही. सामाईक विहिरीवरून सात चुलत भावांशी वाजलं तेव्हा म्हणाले, ही यादवी आहे. आमच्या बाजूला हे सेनापती आणि उरलेलं सैन्य मी.

प्रश्न मोसंबीचा होता. उन्हाळा चढत होता, झाडं पानं गाळायला लागली होती, आणि मोटरीपाशी आलटूनपालटून दोघं भाऊ बसलेले. आमची पाळी आली तरी उठायचे नाहीत. यांनी मला समजावलं की ज्याच्याकडे माणसं जास्त, त्याला शौर्य लागत नाही, नुसतं बसून राहिलं तरी भागतं. त्यांचा एक आजारी पडला तर सहा उरतात. माझा पाय मुरगळला तर युद्ध संपलं. म्हणून गर्दीचंच ओझं होईल अशा जागी लढायचं.

मला वाटलं, आता काठ्या निघतात की काय. हे डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन विहिरीवर गेले आणि तिथं बसलेल्या तिसऱ्या भावाला अदबीनं विचारलं, घरात पाण्याचं कोण ठरवतं? थोरले तर म्हणतात, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. तिसऱ्यानं तिथल्या तिथं मोटर चालू करून दिली. दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न पाचव्याला. त्यानं तर दुपारपर्यंत पाणी सोडलं. आठवडाभरात बाग भिजली.

मग थोरले भाऊजी आमच्या अंगणात आले. "माझ्या भावांना काय शिकवून राह्यलास तू?"

"काही न्हाई दादा. फक्त इचारलं."

थोरल्यांनीही धडा घेतला. सगळे भाऊ मागे घेतले आणि विहिरीवर एकट्या त्यांच्या आईला बसवलं. हे डबा घेऊन गेले. काकूंनी लाडू खाल्ले, प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मीच ठरविते. बस खाली, भाकर खा." हे जेवले, हरले आणि तह करून परतले. आठवड्यातले दोन दिवस आमचे. शत्रूनं सैन्य कमी केलं तिथंच आपण संपलो, असं पुढे कितीतरी दिवस म्हणत होते.

सोमवारी सातही जण कुणी न बोलावता आले. खांद्याला चौघं लागतात, त्यावरून त्यांच्यात जुंपली. मला हसू आलं. पदर तोंडाला लावला.

आता आमच्या बाजूला मी एकटी आहे. दोन दिवस पाणी येतं. मोटर मी चालू करते.