आम्हा भौतिकवाल्यांचा जीवशास्त्राचा वर्ग

ऐंशीच्या आसपास वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला एक नवीन मॅडम आल्या. मी भौतिकशास्त्र शिकवायचो. स्टाफरूममध्ये मी आणि गणिताचे सर त्यांची थट्टा करायचो, की तुमचा विषय म्हणजे बेडूक फाडायचा आणि नावं पाठ करायची. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "शनिवारी दुपारी या. तुमच्याच भाषेत शिकवते."

आम्ही चौघं-पाच जण जाऊ लागलो. उन्हाळा होता. प्रयोगशाळेत फॉर्मलिनचा वास कोंडलेला, बरण्यांत पांढरे पडलेले साप. मॅडमनी एकही अवघड नाव घेतलं नाही. फळ्यावर पेशीतल्या आनुवंशिक मजकुराची चार अक्षरं लिहिली, तीन-तीन अक्षरांचे शब्द केले, आणि त्या शब्दांवरून पेशी प्रथिनं कशी घडवते ते सांगितलं. हे तर आमच्यासारखंच होतं. नियम, मांडणी, हिशेब. मी पुढच्या शनिवारची वाट पाहू लागलो.

एका शनिवारी त्यांनी रक्ताचा विषय घेतला. हिमोग्लोबिनच्या मजकुरात एकच अक्षर बदललं, तर प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. "आईबाप दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तर मूल आजारी निघण्याची शक्यता किती?" मी उठून खडू घेतला. चारात एक. उत्तर बरोबर आलं म्हणून मी खूश झालो.

"आता प्रत्यक्ष बघू. रक्त कोण देतं?"

मी आणि गणिताच्या सरांनी बोटं पुढे केली. काचेवर रक्ताचा थेंब, त्यावर औषधाचा थेंब, वर पातळ काच, कडांना व्हॅसलिन, म्हणजे हवा आत जाणार नाही. चहा पिऊन परत आलो. सूक्ष्मदर्शकाखाली सरांच्या काचेवर सगळ्या पेशी गोल होत्या. माझ्या काचेपाशी मॅडम बराच वेळ वाकून राहिल्या. काच सरकवून पुन्हा पाहिलं.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"तुम्हीच बघा, सर."

मी पाहिलं. टोकदार, वाकड्या पेशी, जिकडे नजर टाकावी तिकडे.

"तुम्हाला त्रास व्हायचा नाही. तुमच्याकडे बिघडलेली एकच प्रत असणार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. माझ्या बायकोला सहावा महिना लागल्याचं स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. "त्यांनाही एकदा आणा."

बायको आर्वीकडची, माझ्या आईच्या दूरच्या नात्यातली. "मले काईच झालं नाई, मंग सुई काऊन टोचून राह्यले?" तिनं विचारलं. मॅडमनी नीट समजावलं, तेव्हा तिनं बोट दिलं. या वेळी मला सूक्ष्मदर्शकात पाहावं लागलं नाही. मॅडमच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

पिपरीच्या रस्त्यानं आम्ही चालत घरी निघालो. ती मध्येच थांबली.

"मंग आता काय करता? पोट तं वाढून राह्यलं."

बाळ पोटात असताना काही कळण्याची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती.

मुलगी झाली. गुटगुटीत, हसरी. सगळे आनंदात होते. पण मॅडमनी सांगून ठेवलं होतं, की सुरुवातीचे काही महिने बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते त्याला सांभाळतं, आणि मग हळूहळू ओसरतं. त्यामुळे ती चांगली दिसते याला काही अर्थच नव्हता. मी तिला दाराशी उजेडात नेऊन डोळे पिवळे झालेत का ते बघायचो.

"असे नका पाहू तिच्याकडं," बायको म्हणायची. "मले भेव वाटते."

थंडी पडली. एका सकाळी पोरीचे दोन्ही पंजे सुजले. हात लावला की किंचाळायची. माझी आई सेलूहून आलेली होती. सुजलेली बोटं पाहताच ती मला म्हणाली,

"तुह्या आधीच्या पोराचे हात बी असेच सुजत. आमी वात समजलो."

मला एक भाऊ होता एवढंच मला माहीत होतं. तो कशानं गेला, ते घरात कुणी बोलत नसे.

दवाखान्यात रक्त तपासलं, तर सिकलसेलच निघाला, दोन्ही प्रती बिघडलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, ताप आला तर थांबू नका. दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. शनिवारचा वर्ग पुढे चालू राहिला. मीही जात राहिलो, पण फळ्यापाशी पुन्हा गेलो नाही.

मुलगी शाळेत जाऊ लागली. दुखणं उठलं की ती रडत नसे, खेळता खेळता गप्प होत असे. तेवढ्यानं आम्ही दोघं हातातलं काम टाकून उठायचो.