मुर्रीच्या कुऱ्हाडीला पुण्याची खोळ

पुण्यात माणसाची चाळिशी जवळ आली की तो सायकल घेतो, गाणं शिकतो किंवा डोंगर चढायला लागतो. मी डोंगर निवडला. आमच्या ट्रेकिंग ग्रुपात सात इंजिनिअर आणि एक कुऱ्हाड आहे. त्या कुऱ्हाडीनं आजवर एकही लाकूड फोडलेलं नाही, पण तिचे फोटो भरपूर आहेत. ती टॉवेलात गुंडाळून नेताना दोन सॅक आणि एक तंबू फाटला, तेव्हा तिला चामड्याची खोळ हवी असं ठरलं. बाजारातल्या खोळीची किंमत ऐकून मी म्हणालो, मीच शिवतो. मग एका बंगल्याच्या गॅरेजात, फी भरून, चार रविवार चामडं शिवायला शिकलो. पहिलं पाकीट जळक्या पापडासारखं झालं. खोळ मात्र बरी जमली आणि मी स्वतःला कारागीर समजू लागलो.

तेवढ्यात मुर्रीहून मोठ्या आईचा फोन आला. मुर्री म्हणजे गोंदियाला चिकटलेलं आमचं गाव, आणि मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको.

"तुझे मोठेबाबा सायकलवरून पडले. उघडी कुराड होती कॅरिअरले. पोटरी फाडून घेतली. सात टाके."

"आता कसे आहेत?"

"ते बरे हायेत. कुराड पेटीत हाय. कुलूप लावलं मी. आता म्हना, दातानं लाकडं फोडा."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही म्हनत. बोलूनच नाही राहिले माह्याशी. पंधरा दिवस झाले."

मोठेबाबा सत्त्याहत्तर वर्षांचे. दोन एकर धान आणि ती कुऱ्हाड, एवढाच त्यांचा संसार, असं मोठी आई म्हणते. वडील गेल्यावर मला त्यांनीच शिकवलं. दिवसा राईस मिलमध्ये पोती उचलायची आणि पहाटे लोकांची लाकडं फोडायला जायचं, अशी चार वर्षं त्यांनी माझ्या इंजिनिअरिंगला दिली. त्यामुळे त्या पेटीतली कुऱ्हाड माझीही थोडी होती.

"खोळ घातली तर देशील का परत?" मी विचारलं.

"देईन. उघडी नाही देनार."

मोठेबाबांना फोनवर माप विचारलं. "पातं चार बोटं रुंद, सहा बोटं लांब," ते म्हणाले. मी चामड्यावर माझी बोटं ठेवली, खुणा केल्या आणि दोन रात्रींत खोळ तयार. इथे काय चुकलं ते हुशार वाचकांना कळलं असेल. मला गोंदियाला पोचेपर्यंत कळलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून थेट गाडी आहे आणि ती गोंदियालाच संपते, म्हणजे झोप लागून स्टेशन चुकायची भीती नाही. डिसेंबर-जानेवारीत जा आणि स्वेटर न्या. मे महिन्यात जायचं असेल तर आधी घरच्यांचा नीट निरोप घ्या. कुऱ्हाड रेल्वेत नेण्याचा विचारही करू नका. मी फक्त खोळ नेली आणि तरी समोरच्या काकांनी चौकशी केली. मोबाइलचं कव्हर आहे म्हणालो तर त्यांनी मोबाइल बघायला मागितला. स्टेशनबाहेरून मुर्रीला ऑटो मिळतो. भाडं बसण्याआधी ठरवा आणि हिंदीत ठरवा, कारण मराठीत बोललात की ऑटोवाला तुम्हाला पाहुणा समजतो.

घरी लाखोळीची डाळ, भात आणि वांग्याची भाजी होती. जेवण झाल्यावर मोठ्या आईनं कमरेची किल्ली काढून पेटी उघडली. मोठेबाबा खाटेवर बसून छताकडे बघत होते, म्हणजे सगळं बघत होते. मी खोळ पात्यावर चढवायला गेलो. ती अर्ध्यात अडकली. पुढं जाईना. मी जोर लावला, तशी कड उसवली.

मोठेबाबांनी आपला पंजा पात्याशेजारी धरला. त्यांची चार बोटं म्हणजे माझी सहा. पोती उचललेली बोटं आणि कीबोर्ड बडवणारी बोटं यांत फरक असणार हे मला चार रविवारांत कोणी शिकवलं नव्हतं.

"लहान पोराची टोपी हाय हे," मोठेबाबा म्हणाले. "कोनं शिवली?"

"पुण्यात एकानं," मी म्हणालो. का कोण जाणे, खरं बोलवलं नाही.

"बेकार शिवली," ते म्हणाले आणि परत छताकडे बघू लागले. कुऱ्हाड पेटीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाच्या बाजारात पोहे-जिलेबी खाऊन मी एका मोच्याच्या पालाशी पोचलो. म्हातारा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्याला मोठेबाबांच्या पडण्याची गोष्ट सांगितली आणि माप सांगितलं. यावेळी सेंटिमीटरमध्ये.

"कुल्हाड़ी लाए हो?" त्यानं विचारलं.

"नाही. माप आणलंय."

"बिना पाँव देखे जूता नहीं बनता, साहब."

म्हणजे खोळीशिवाय मोठी आई कुऱ्हाड देणार नाही आणि कुऱ्हाडीशिवाय हा खोळ देणार नाही. मी मोठ्या आईला फोन लावून अडचण सांगितली. अर्ध्या तासानं एक ऑटो येऊन थांबला. आत मोठी आई एकटीच, मांडीवर जुन्या लुगड्यात बाळासारखं काहीतरी गुंडाळलेलं, आणि लुगड्यातून पातं बाहेर डोकावत होतं. ऑटोवाल्यानं भाड्याचा विषय काढला नाही. तिनंच हातात दिलं ते घेऊन निघून गेला.

मोच्यानं पातं हातात घेऊन फिरवलं, मग माझी उसवलेली खोळ उचलली आणि टाके बघितले. "किसने सिया? हाथ नया है."

मोठी आई शेजारीच उभी होती. पण कारागिरासमोर खोटं बोलायला जीभ रेटेना. "मी," म्हणालो.

"धागा धार के सामने है. दो दिन में कटेगा, फिर बुढ़ऊ की टाँग कटेगी. बीच में पट्टी डालनी पड़ती है." त्यानं दोन थरांच्या मधे चामड्याची तिसरी पट्टी ठेवून दाखवली. धार पट्टीवर टेकते, टाके मागे सुरक्षित राहतात. माझ्या गॅरेजवाल्या गुरूनं चार रविवारांत ब्रँडची नावं सांगितली होती, ही पट्टी सांगितली नव्हती.

मोठी आई माझ्याकडे बघत होती. "तू शिवली? चामडं?"

"शिकलो ना. क्लास लावला होता."

"पैसे देऊन?"

"हो."

तिनं ती उसवलेली खोळ हातात घेतली. मग खाली बघत म्हणाली, "ज्या कामातून सुटाले तुझ्या आज्यानं उपास काढले, ते तू पैसे भरून शिकून आला. घरी सांगू नको बाबू. त्यायले सहन नाही होनार."

मला तिथेच लाज वाटली. आमचं घर छप्पन सालच्या दीक्षेनंतरचं बौद्ध घर, हे मला पाळण्यापासून माहीत होतं. आजोबांनी काय सोडलं, हेही माहीत होतं. त्याच्या शेजारी माझा चामड्याचा क्लास ठेवून बघायचं मात्र कधी सुचलं नाही. इंजिनिअर माणसाला बऱ्याच गोष्टी माहीत असतात.

मी उठायला लागलो, पण मोच्यानं सुई-दोरा माझ्या हातात दिला. "शुरू किया है तो पूरा करो. छेद मैं करता हूँ, धागा तुम खींचो." मोठी आईच म्हणाली, बस खाली. दुपारभर बसलो. तो छिद्रं पाडत होता, मी मेण लावलेला काळा दोरा ओढत होतो. चार वेळा बोट टोचून घेतलं.

कुऱ्हाड न्यायची तर कमरेला लटकवू नका, दांडा गुडघ्याला मारतो. सॅकला बांधली तर पाठीमागच्या माणसाशी संबंध बिघडतात. आम्ही पात्यावर बटणाची खोळ आणि खोळीला छातीवरून तिरका जाणारा रुंद पट्टा केला. पातं खांद्यामागं वर राहतं, दांडा पाठीवरून खाली, आणि दोन्ही हात मोकळे. इतकी आरामाची सोय मला आमच्या महागड्या दुकानांत दिसलेली नाही.

संध्याकाळी मोठेबाबांनी पट्टा अंगावर घालून अंगणात तीन फेऱ्या मारल्या. मग जवळजवळ वीस दिवसांत पहिल्यांदा मोठ्या आईला म्हणाले, "चाय हाय का?" तिनं उत्तर दिलं नाही, पण चहा आला.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन आम्ही दोघं चोरखमाऱ्याला निघालो. तिथं जवळच त्यांची मुलगी, माझी ताई, दिलेली आहे, आणि तिच्या बांधावर एक वाळकी बाभूळ आडवी झाली होती. तिरोड्यापर्यंत रस्ता चांगला, पुढं मणके मोजत जावं लागतं. तिरोड्यात चहा आणि गरम भजी घ्या, पुढं काही मिळेल याची खात्री नाही. आणि तिथल्या जवळच्या अभयारण्याच्या फाटकाकडे कुऱ्हाड घेऊन फिरकू नका. चामड्यात ठेवा की रेशमात, गार्डला ती कुऱ्हाडच दिसते.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, थांबलो. पाणी भरपूर, पलीकडे डोंगर आणि जंगल, माणूस एकही नाही. मोठेबाबा दगडावर टेकले.

"आरामात हाय," पट्टा चाचपत ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बोटं दाखव."

मी हात मागे घेतला. त्यांनी मनगट धरून पुढं ओढला. बोटांची टोकं काळी होती आणि चार ठिकाणी टोचल्याच्या खुणा.

"तूच शिवली."

"हो." मग सगळं सांगितलं. क्लास, फी, पहिली खोळ, सगळं.

त्यांनी कुऱ्हाड खोळीतून काढली आणि खोळ दगडावर ठेवली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तुमची चप्पलही चामड्याचीच आहे."

"चप्पल इकत घेतो मी. ढोर सोलत नाही." मग पाण्याकडे बघत बोलू लागले. "तुझा आजा मेलेलं ढोर ओढे. गावानं हाक मारली की जेवनावरून उठून जावा लागे. नाही म्हनता येत नोतं. मंग नागपूरवरून दीक्षा घेऊन आला आन सुरी तलावात फेकली. मी नऊ वर्साचा होतो, संग गेलो होतो. त्या वर्सी गावानं धान देनं बंद केलं. अंबाडी उकडून खाल्ली आमी. पन सुरी काढाले कोनी तलावात उतरला नाही."

ती खोळ उचलून मीच पाण्यात फेकावी असं वाटलं.

"तुले कोनी सांगतलं होतं का हे काम कराले?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नाही म्हनला असतास त कोनी मारलं असतं?"

"नाही."

"जेवन बंद केलं असतं?"

"नाही. उलट मीच फी भरली."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "मंग तू मूर्ख हायेस बाबू. मूर्ख असनं चालते. लाचार असनं नाही चालत."

त्यांनी खोळ उचलून पात्यावर चढवली, बटण लावलं आणि पट्टा अंगावर घेतला. "चाल. ताईची बाभूळ वाट पाहून राहिली."

बाभूळ त्यांनी एकट्यानं तासाभरात फोडली. मी फांद्या गोळा केल्या आणि दोन काटे पायात घेतले. ताईनं कोंबडी केली होती. परत येताना मागच्या सीटवर ते अख्खा रस्ता काहीतरी गुणगुणत होते.

आता पुण्यात येऊन तीन आठवडे झाले. ग्रुपनं नव्या खोळीचे फोटो बघितले आणि मला ऑर्डरी दिल्या. मी त्या घेतल्यात, मधल्या पट्टीसकट शिवतो आहे. शिवताना पूर्वीसारखी शीळ वाजवत नाही. माझ्याकडे नाही म्हणायची सोय आहे, हे प्रत्येक टाक्याला आठवतं. ती सोय मी कमावलेली नाही.

काल मोठ्या आईचा फोन होता. माझी ती छोटी खोळ तिनं अडकित्त्याला घातली आहे, अगदी मापात बसली म्हणते.

"आणि मोठेबाबा? कुऱ्हाड वापरतात का?"

"वापरते कायले? पाठीवर घालून गावभर फिरून राहिले. ज्याले त्याले थांबवून दाखवते. पुतन्यानं शिवली म्हनते. कोनी सांगतलं नोतं त्याले, हौसेनं शिवली."