बाहेरून मोजलेला रिम

माझी शेवटची पोस्टिंग राजस्थानच्या वाळवंटात होती, एका युनिटच्या वर्कशॉपमध्ये. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती. माझं गाव शिंदखेडा तालुक्यात. सुट्टी संपली की दोंडाईचा स्टेशनवर गाडी पकडायची आणि तिसऱ्या दिवशी युनिटमध्ये हजर व्हायचं. त्या युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. दुसरा नाईक लीलाधर चौधरी, ड्रायव्हर. तो यावलकडचा. घरी केळीचा मळा, वय एकतीस, लग्न व्हायचं होतं.

आमची बोलीसुद्धा एक नव्हती. मी अहिराणीत "बठ्ठं नीट शे ना?", म्हणजे सगळं ठीक आहे ना, असं विचारलं की तो हसायचा आणि म्हणायचा, "भाऊ, हे शे शे काय लावलंय? आमच्याकडे असं नाही बोलत." तरीही संध्याकाळी सहानंतर तो वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर येऊन बसायचा. आम्ही फार बोलत नसू. आपल्या भागातलं माणूस शेजारी आहे, एवढंच पुरेसं वाटायचं.

रोजचा क्रम ठरलेला. पाचला उठणं, साडेसहाला गाड्यांची तपासणी, आठला कामाचं वाटप. वाळू सगळीकडे शिरायची, एअर फिल्टरमध्ये, ब्रेकमध्ये, चहात. गाड्या टेकड्यांवर रुतायच्या. म्हणून तीन हलक्या ट्रकना मोठे, रुंद टायर बसवायचं ठरलं. रुंद टायर वाळूवर जास्त जागा धरतो, कमी रुततो. टायर आले. त्यांच्यासाठी लागणारे रुंद रिम आले नाहीत.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोणताही टायर कोणत्याही रिमवर बसत नाही. कंपनी प्रत्येक टायरसाठी रिमची कमीत कमी आणि जास्तीत जास्त रुंदी देते. रिम फार रुंद असला तर टायरच्या बाजू ताणल्या जातात आणि रिमची कड दगडांना उघडी पडते. फार अरुंद असला तर बाजू आत चेपतात, टायर मध्ये फुगतो, जमिनीला फक्त मधला पट्टा टेकतो. वाळूत हवा कमी केली आणि गाडी वळवली, तर टायरची कड रिमवरून निसटू शकते. ही रुंदी रिमच्या आतून मोजायची, जिथे टायरच्या दोन कडा बसतात त्या जागांमध्ये. बाहेरून मोजली तर रिमच्या काठांची जाडी धरली जाते आणि माप मोठं येतं.

आमच्या टायरच्या कागदावर कमीत कमी आठ इंच लिहिलं होतं.

दुपारी चारला सुभेदार साहेब आले. परवा सकाळी तीन गाड्या पुढच्या पोस्टवर पाणी आणि राशन घेऊन जाणार होत्या.

"पुराने रिम पे चलेगा, हवालदार?"

जुने टायर तेव्हा रिमवरच होते. रिमवर ठोकलेला आकडा रंगाच्या थरांखाली गेला होता. मी टेप काढली आणि बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत लावली. आठ इंच.

"चलेगा, साब."

संध्याकाळी जुने टायर उतरवले. रिम समोर उघडे पडले होते. आतून मोजायला एक मिनिट लागलं असतं. मी मोजलं नाही, नवे टायर चढवले. साहेबांना हो म्हणून झालं होतं, आणि एकोणीस वर्षांत माझा शब्द कोणी तपासला नव्हता. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी लीलाधरने एक गोष्ट केली. त्याने पुढच्या उजव्या टायरवर खडूने आडवी रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. गाडी सिमेंटच्या फरशीवर वीस पावलं पुढे नेली आणि मला हाक मारली.

"भाऊ, हे पाहा. खडू मधलाच पुसला. दोन्ही बाजू तशाच आहेत."

मी पाहिलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं.

"वाळूत हवा कमी केली की बसेल," मी म्हणालो.

"नक्की?"

"मी मोजलंय, लीला."

त्याने हाताने खडू पुसून टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला तीन गाड्या निघाल्या. पहिली लीलाधरची, रेडिओवर तिचं नाव व्हिक्टर एक. मी वर्कशॉपमध्ये होतो, शेजारच्या खोलीत रेडिओ सेट. वाळू सुरू झाल्यावर त्यांनी हवा पन्नास पौंडांवरून पंचवीसवर आणली. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सेटवर लीलाधरचा आवाज आला. श्वास तुटत होता.

"व्हिक्टर दो, व्हिक्टर तीन. उतार पे मत मुड़ना. टायर रिम छोड़ रहा है. वहीं रुको. ओव्हर."

"व्हिक्टर एक, अपनी हालत बताओ. ओव्हर," आमच्या ऑपरेटरने विचारलं.

"गाड़ी पलट गई. साथी बाहर है. मैं नीचे हूँ. पहले उनको रोको. ओव्हर."

मागच्या दोन्ही गाड्या टेकडीच्या माथ्यावर थांबल्या. आम्ही रिकव्हरी गाडी घेऊन निघालो, पोहोचायला पन्नास मिनिटं लागली. ट्रक उजव्या कुशीवर पडला होता. पुढचा उजवा टायर रिमवरून सुटून बाजूला लोंबत होता. सहचालकाचा हात मोडला होता. लीलाधर स्टिअरिंगखाली कमरेपासून दाबला गेला होता. जॅक लावून आम्ही त्याला काढलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "दोघं थांबले ना?" एवढंच मराठीत विचारलं. मी हो म्हणालो. फील्ड हॉस्पिटलच्या वाटेवर अकरा पंचावन्नला तो गेला.

चौकशी झाली. रिम मी बाहेरून मोजला, हे मी स्वतः सांगितलं. खडूची रेघ सांगितली. माझ्या सर्व्हिस रेकॉर्डवर शेरा आला. मला त्यापेक्षा मोठी शिक्षा हवी होती, पण ती मागता येत नाही. दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. त्या दोन वर्षांत संध्याकाळी सहानंतर मी मराठीचा एक शब्द बोललो नाही. पायरीवर बसणं सोडलं.

आता सोनगीरच्या पुढे हायवेला माझं टायरचं दुकान आहे. पिकअपवाले, जीपवाले येतात, मोठे टायर मागतात. मी आधी जुना टायर उतरवतो, रिम आतून मोजतो. बसत नसेल तर नाही म्हणतो. "नाना, बाकीचे बसवून देतात की," म्हणत बरेच जण निघून जातात. बायको मुलीकडे नाशिकला असते, नातवंडं लहान आहेत. मी दुकानामागच्या खोलीत राहतो. दिवसभर ट्रक जातात, त्यातला एखादाच थांबतो.

लीलाधरच्या घरी जायला मला पाच वर्षं लागली. एका सकाळी एसटीने यावलला गेलो, पुढे पायी. त्याचे वडील मळ्यात घड बांधत होते. सत्तरीचे, ताठ. मी ओळख सांगितली. बांधावर बसून सगळं सांगितलं: टेप, बाहेरचं माप, खडू, माझं उत्तर.

ते म्हणाले, "त्यानं तुले दाखवलं व्हतं."

"हो, आबा."

"आन् तू म्हटलं, मोजलंय."

"हो."

ते उठले, चार झाडं पुढे गेले, परत आले. "माफ केलं असं मी म्हननार नाही. खोटं व्हईल ते."

"त्यासाठी आलो नाही, आबा."

"मंग कायले आला?"

मी रेडिओवरचं त्याचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. युनिटच्या कागदात फक्त वेळ आणि जागा आली होती. आबांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणत असताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"मागच्या गाड्यांत किती व्हते?"

"चार जण."

"चौघं हायेत?"

"आहेत. एक अजून नोकरीत आहे. तिघं निवृत्त होऊन घरी गेले."

"चल," ते म्हणाले, "त्याच्या मायले सांग हे. बाकीचं मी सांगीन, माह्या हिशोबानं."

घराच्या ओट्यावर त्याची आई गहू निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगायला सुरुवात केली: नाईक लीलाधर चौधरी, ड्रायव्हर, व्हिक्टर एक. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं.