गाडी कोणी आणली

जोएल, रूथ, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना ते माहीत आहे, सुलूआत्याला माहीत आहे, तुमच्या बाबांनाही माहीत आहे. पण त्यांना माहीत आहे म्हणजे मी ते सांगितलं, असं होत नाही. ते तिघं त्यात होते, एवढंच. माझ्या तोंडून ते अजून बाहेर पडलेलं नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. जन्मभर इंग्रजीच शिकवलं मी. पण इंग्रजीत मला कुठलीही गोष्ट नीटनेटकी करून मांडता येते, आणि ही गोष्ट नीटनेटकी व्हायला नको आहे. म्हणून मराठीत लिहिते. बाबांकडून वाचून घ्या. त्यांनी ते मोठ्याने वाचावं, असंही माझ्या मनात आहे — का, ते पुढे कळेल.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे काळजी करणार नाही. मी सुखात आहे. आजोबांची तब्येत बरी आहे. सकाळी आम्ही दोघं ओट्यावर चहा घेतो, मी पेपर वाचते, ते झाडांना पाणी घालतात आणि निम्मं स्वतःच्या चपलांवर घालतात. रविवारी उपासनेला जातो. महिन्यातून एखाद्या दिवशी सुलू संगमनेरहून येते, आम्हाला गाडीत घालते आणि कुठेतरी फिरवून आणते. परवा राहात्याच्या रस्त्याला गाडी थांबवून पेरू घेतले. आजोबा मागच्या सीटवर पाय पसरून बसले होते, पेरू खाता खाता तिथेच झोपले. अर्धा पेरू हातात तसाच. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं?

ती गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. पांढरी, उंच, परदेशी कंपनीची. जोएल, तू पहिलीत असताना तिचं चित्र काढून पाठवलं होतंस. चाकं गाडीपेक्षा मोठी, पुढे तुझे बाबा हातात किल्ली घेऊन, शेजारी आम्ही दोघं हसताना. खाली तू लिहिलंस, डॅडीने आजी-आजोबांना दिलेली गाडी. ते चित्र अजून आमच्या फ्रिजवर आहे. सुलू येते तेव्हा दूध काढायला फ्रिज उघडते. दरवाजा उघडताना हात नेमका त्या चित्रावर पडतो. चित्र सुरकुतू नये म्हणून ती ते एका हाताने धरते, मग उघडते.

त्या चित्रात सुलू नाही. असेल कशी? गोष्ट मीच तुला सांगितली होती, आणि माझ्या गोष्टीत ती नव्हती.

कुठून सुरुवात करू?

आजोबांच्या पाठीपासून करते. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात त्यांची सगळी नोकरी जीपमध्ये गेली. उसाच्या प्लॉटांमधले रस्ते म्हणजे खड्डेच, मधे कुठेतरी रस्ता. निवृत्तीनंतर पाठीने सूड घ्यायला सुरुवात केली. आमच्या जुन्या छोट्या गाडीत बसायचं म्हणजे आधी डोकं, मग खांदा, मग उरलेला माणूस असं आत घालावं लागे, आणि उतरताना दोघांनी ओढावं लागे. त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. चर्चलाही येईनात. घरूनच प्रार्थना करतो म्हणाले. ज्या माणसाचा पाय कधी घरात ठरला नाही, तो खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू लागला. 

सुलूला ते बघवलं नाही. ती जनावरांची डॉक्टर, तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर गोठ्यागोठ्यांतून हिंडते. तिने ठरवलं, पप्पांना उंच सीटची गाडी हवी — वाकायचं नाही, चढायचं नाही, नुसतं सरकून बसायचं. तशा गाड्या नव्या घ्यायच्या तर आपल्या आवाक्याबाहेर. म्हणून वापरलेली, पण चांगली. ती शोधत राहिली. नाशिक झालं, पुणं झालं. सुट्टीच्या दिवशी दोन-तीनदा मलाही बरोबर नेलं.

तिचं ते गाडी बघणं मी विसरणार नाही. विकणारे लोक गाडीचा रंग दाखवत, आतला मोठा स्क्रीन दाखवत, आपोआप सरकणारं छप्पर दाखवत. ही आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायची आणि त्याच्या टोकाशी चिखलाची रेघ आहे का बघायची. गाडी पुरात बुडालेली असेल तर बाकी सगळं धुता येतं, तेवढं राहून जातं. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यायची. पुण्यात एका ठिकाणी फोनवर बजावून सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेलो, तिने बॉनेटवर तळहात ठेवला. गरम होतं. थंड इंजिन चालू करताना दोष कळतात, ते लपवायला आधीच तापवून ठेवलेलं. विकणारा अजून गाडीचं कौतुकच करत होता. सुलू माझ्याकडे वळून म्हणाली, "गाय तुंबवून आणलीय मम्मी. चल."

जनावरांच्या बाजारात आणताना गाय पिळत नाहीत, सड भरलेले दिसावेत म्हणून. ते तिने गाडीत ओळखलं. परतीच्या वाटेवर मी किती हसले.

शेवटी गाडी मिळाली ती संगमनेरातच. एका वयस्क डॉक्टरांची, त्यांनी जपून वापरलेली. सुलूने सगळं बघितलं, बॉनेटवर हात ठेवला, ते थंड होतं. मग तिने पहिल्यांदाच कुणा विकणाऱ्याच्या घरचा चहा घेतला.

गाडी घेऊन ती घरी आली तो शनिवार होता. आजोबा ओट्यावर बसले होते. तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. आजोबा उठले, दार उघडलं, सरकून बसले. एकटेच. मग तिथेच बसून राहिले, आत येईनात.

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुझ्या सासरचे काय म्हणतील?"

हे माझं पहिलं वाक्य. आभार नाहीत, कौतुक नाही. माझी आई माझ्या लग्नानंतर किती तरी दिवस माझ्या घरचं पाणी प्यायली नव्हती. मुलीच्या घरचं घ्यायचं नाही, म्हणायची. आम्ही पिढ्यांपासूनचे ख्रिस्ती. जुन्या चालीरीती मागे टाकल्या म्हणून आमची मान ताठ. मी आईला हसायचे. वर्गात मुलींना निबंध द्यायचे, मुलगा आणि मुलगी यांत भेद का नसावा. चांगल्या निबंधांना लाल शाईने शेरेही द्यायचे. सुलूला मीच शिकवलं, मीच कॉलेजला धाडलं. आणि त्या दिवशी माझ्या दारात मुलीने आणलेली गाडी उभी राहिली, तर माझ्या पोटात आईच बसलेली निघाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्याकडे नवी गाडी — म्हणजे घरात नवी आलेली — आधी चर्चच्या आवारात नेतात. उपासना झाली की पाळकसाहेब बाहेर येऊन तिच्यावर प्रार्थना करतात, मंडळी भोवती उभी राहते. सुलू गाडी चालवत होती. आजोबा कितीतरी महिन्यांनी चर्चला आले होते. लोक त्यांना भेटत होते, गाडीभोवती फिरत होते.

बेलापूरच्या शांताबाई पुढे आल्या. सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "बाई, अजयनं धाडली व्हय? लई मोठी हाय की."

मी मान हलवली.

मला सांगा, एवढ्याशा हालचालीला किती वेळ लागतो? सुलू दोन हातांच्या अंतरावर उभी होती. "नाही हो, सुलूने आणली" म्हणायला किती लागलं असतं? पण तुमचे बाबा परदेशी गेल्यापासून मंडळीतला जो तो मला विचारायचा — मुलगा येतो का, मुलगा बोलावतो का, मुलगा काय करतो तुमच्यासाठी. अजयला कामातून येता येत नव्हतं, कित्येक नाताळ तो आला नव्हता, आणि दर नाताळला मी उत्तरं देऊन थकले होते. तिथे अचानक एक उत्तर दारात उभं होतं. पांढरं, उंच, सगळ्यांना दिसेल असं.

शांताबाईंनी ते पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी प्रार्थनेआधी मला विचारलं, "अजयनेच ना, बाई?" म्हणजे मला दुसरी संधी मिळाली होती. नीट, सरळ, सभ्यपणे विचारलेला प्रश्न. मी म्हणाले, "हो."

पहिलं खोटं मानेने, दुसरं तोंडाने.

मग पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि आईबापांचा मान राखणाऱ्या मुलासाठी देवाचे आभार मानले. लांबलचक, सुंदर प्रार्थना. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी उघडले. सुलू मान खाली घालून उभी होती, गाडीची किल्ली तिच्याच मुठीत. प्रार्थना संपली तेव्हा सगळे आमेन म्हणाले. तिचंही आमेन मला ऐकू आलं, अगदी स्पष्ट.

घरी निघताना तिने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. "बस मम्मी. दादाची गाडी आहे, बघ कशी चालते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

त्या दिवशी जेवताना आजोबा एवढंच म्हणाले, "आपण पोरीला बाहेर उभं केलं." आपण, म्हणाले. ते तर चर्चमध्ये एक शब्द बोलले नव्हते. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. नुसते गाडीत बसताना दर वेळी तिला म्हणतात, सुलू, सीट फार छान आहे गं. दर वेळी. मी आतापर्यंत पन्नास वेळा ते ऐकलं असेल. मला कळतं ते कुणाला ऐकवतात.

तुमच्या बाबांबद्दल तुम्ही काही वाईट मनात आणू नका. इथल्या कुणीतरी त्यांचं फोनवर अभिनंदन केलं, तेव्हा त्यांनी लगेच मला फोन केला. गोंधळले होते. म्हणाले, मम्मी, मी सगळ्यांना सांगतो की सुलूने आणली, मला हे नको. मी म्हणाले, "मंडळीत मला खोटी पाडू नकोस." मग ते गप्प झाले. मुलाला गप्प कसं करायचं हे आईला चांगलं माहीत असतं. त्या दिवसापासून माझं खोटं त्यांनाही उचलावं लागलं, न मागता.

आणि तरी माझं पोट भरलं नाही. तुम्हा दोघांना व्हिडिओवर गाडी दाखवताना मीच म्हणाले, ही बघा, तुमच्या डॅडीने दिली. का म्हणाले? तिथे शांताबाई नव्हत्या, मंडळी नव्हती. मला कुणी विचारलंही नव्हतं. तोपर्यंत बहुतेक मला ते खरंच वाटू लागलं होतं. किंवा खरं वाटावं असं वाटत होतं. यातलं कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही.

आता ती थट्टा घरात रुळली आहे. सुलू सर्व्हिसिंगला जाताना म्हणते, दादाची गाडी टाकून येते. पाऊस आला की म्हणते, दादाची गाडी आत घेते. आजोबा हसतात, तिचा नवरा हसतो, मीही हसते. ती मनात काही धरून बसलेली नाही, असं मला वाटतं. पण हे मी ठरवायचं नाही. तिने मला एकदाही विचारलेलं नाही. मी तिला एकदाही सांगितलेलं नाही.

या नाताळला तुम्ही येताय. ती तुम्हाला घ्यायला पुण्याला येणार आहे. उंच, पांढरी गाडी, पुढे चालवायला तुमची आत्या. तुम्ही विमानतळाच्या दारातच म्हणाल, ही डॅडीने दिलेली गाडी — आणि ती हसून हो म्हणेल, याची मला खात्री आहे. ती मला पुन्हा सांभाळून घेईल. हे मला नको होतं, म्हणून आधी लिहिलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे साक्ष देतात. ज्याला देवाने जे दिलं, ते उभं राहून मंडळीला सांगायचं. त्या दिवशी मी उभी राहणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं आहे, एकच वाक्य आहे. शांताबाई पहिल्या बाकावर असतात, त्यांना नीट ऐकू जाईल.

आज दुपारी हे लिहीत होते तेव्हा सुलू आली होती. फ्रिज उघडला, चित्र एका हाताने धरलं, दूध काढलं. मी काय लिहितेय विचारलं. मुलांना पत्र, म्हणाले. ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, "सांग त्यांना, दादाची गाडी धुऊन ठेवलीय."

मी सांगते आहे. गाडी धुऊन ठेवली आहे. ती तुमच्या बाबांनी दिलेली नाही. सुलूने शोधली, सुलूने घेतली, सुलूने चालवत दारात आणली.