हिल्डाआजींचा आठ

लॉकडाऊनमध्ये फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या गल्लीने दोनच गोष्टींचा साठा केला: टॉयलेट पेपर आणि हिल्डाआजींचे किस्से. पेपर एकदाचा संपला. किस्से मात्र अजून पुरून उरलेत.

हिल्डाआजी म्हणजे आमच्या शेजारच्या जर्मन बाई. तरुणपणी तिथल्या फिगर स्केटिंगच्या चॅम्पियन, मग डच नवरा करून इकडे आल्या.

*

पहिल्याच भेटीत मी उत्साहाने विचारलं, "तुम्ही त्या उंच उड्या मारायचात?"

"उड्या बकऱ्या मारतात," आजी म्हणाल्या. "मी बर्फावर आठचा आकडा काढायचे. एका पायावर!"

त्यांच्या काळी बर्फावर उमटलेल्या रेघेला मार्क असत म्हणे. पुढे टीव्हीवर कंटाळवाणं दिसतं म्हणून तो प्रकारच स्पर्धेतून काढून टाकला. आपण शुद्धलेखनाचं केलं, तेच!

*

इथल्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन गणपतीला त्यांना प्रमुख पाहुण्या केलं. सेक्रेटरींनी ओळख करून दिली, "आइस हॉकीतल्या महान खेळाडू!" आजी भरभरून बोलल्या. अख्खं भाषण म्यूटवर! तरी चॅटमध्ये "खूपच प्रेरणादायी"ची रांग लागली.

*

आजींचा खुबा गेला होता. एकच इच्छा उरली होती: कुणीतरी उघड्यावरच्या खऱ्या बर्फावर आठ काढावा आणि तो आपण मरायच्या आधी बघावा. डच लोक बर्फावर सुसाट जातात, पण सरळ. आठ कोण काढणार? मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. म्हणून मी नवरा दान केला.

*

रिंक बंद. त्यामुळे अभय मोजे घालून घरातल्या लॅमिनेटवर घसरायचा आणि आजी दीड मीटर अंतर राखून खिडकीबाहेरून ओरडायच्या. एकदा मीटिंग चालू असतानाच तो धाडकन आडवा झाला.

मॅनेजरने विचारलं, "अभय, तुझं कनेक्शन अनस्टेबल आहे का?"

आमची लेक इरा मागून ओरडली, "नो, जस्ट बाबा!"

*

माकडहाड दुखतंय म्हणून हाउसआर्ट्सना, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांना, फोन केला. "पॅरासिटामॉल घ्या."

मग आजींना विचारलं. "पडला छान. आता दुसरा पाय!"

*

आणि त्या फेब्रुवारीत मागचं तळं गोठलं. सगळी गल्ली बर्फावर, अंतराचा नियम घरी ठेवून. आजी काठावर खुर्ची टाकून बसल्या. अभय एका पायावर निघाला, वळला, डगमगला आणि थांबला. पडला नाही!

आजी काठी टेकत पुढे आल्या, वाकून रेघ बघितली. "बाकीचा कुठाय?"

मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. घाबरलेला माणूस मातृभाषेत स्केटिंग करतो! अभयने चक्क शाळेतला मराठी ८ काढला होता.

"आमच्याकडे आठ एवढाच असतो," तो पुटपुटला.

आजी पुन्हा वाकल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघत गेल्या.

"रेघ स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "स्पेलिंग चुकलंय."

मग हातातली काठी त्यांनी अभयपुढे धरली.

"आमच्या वेळी मार्क सहापैकी असायचे. तुमच्याकडे सहा कसा काढतात?"