बदली माझ्याच घरातून

"चपला तिकडे काढ. उंबऱ्याच्या आत येऊ नको. हं, बोल."

हेडबाबू कचेरीत पान लावत बसले होते. मी पायरीखाली उभा. धारच्या दवाखान्यात रोग्यांची घाण काढायचं काम माझं. माझ्याआधी बापाचं. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य झालं, कचेरीवरचा झेंडा बदलला. पायरी तीच राहिली.

"रावसाहेब, माय अमझेऱ्याला आजारी आहे. भावानं मोटारवाल्याबरोबर निरोप धाडलाय, तोंड बघायचं असेल तर ये. रजा पाहिजे."

"बदली कोण?"

बदली म्हणजे रजेवर जाणाऱ्यानं आपल्या जागी उभा करून द्यायचा माणूस. दवाखान्याचा जुना रिवाज. पण तो सगळ्यांना नव्हता. शंकरराव वॉर्डात रोग्यांना पाणी द्यायचे. ते भाच्याच्या लग्नाला देवासला गेले, तेव्हा त्यांना बदली कोणी मागितली नाही. "नातेवाईक पाजतील की पाणी," हेडबाबू म्हणाले होते. महालक्ष्म्यांना स्वयंपाकी घरी राहायचा, तेव्हा रोग्यांचे डबे घरून यायचे. घाणीच्या भांड्याला मात्र बदली लागायची आणि ती आमच्याच घरातून. बाप तापानं पडला की माय यायची. माय पडली की आत्या. आमच्या घरात आजारसुद्धा पाळीपाळीनं यायला हवा होता.

"बदलीला कोणी नाही, रावसाहेब. भाऊ मायजवळ आहे."

"बायको आहे ना?"

"तिचे दिवस भरलेत."

त्यांनी पानाला चुना लावला. वर पाहिलं नाही.

"अरे, तुमच्या बायकांना काय होतंय? भांडं खाली ठेवतील, पोर काढतील, पुन्हा भांडं उचलतील."

बाकावरचा कंपाउंडर खो खो हसला. माझे कान तापले. इंदूरच्या गिरणीतला माझा मेहुणा मला पत्रकं आणून द्यायचा. त्यांत 'हक्क' हा शब्द ठळक छापलेला असायचा. मला तो वाचता येत होता. त्या पायरीखाली उच्चारता येईना.

मग हेडबाबू जरा मऊ झाले. "वॉर्ड रिकामा ठेवता येतो का? रोग्यांची तरी दया कर."

हे खरं होतं. म्हणूनच मला जास्त चीड आली. वॉर्डात पाय मोडलेला म्हातारा होता, नुकती बाळंत झालेली पोरगी होती. त्यांना घाणीत टाकून जायला माझं मन घेत नव्हतं. हेडबाबूंना ते पक्कं ठाऊक होतं. आमची दयाच आमच्या पायात अडकवून ते पान खात होते.

मी शंकररावांकडे गेलो. माणूस मनानं वाईट नव्हता. म्हटलं, "माझं काम तेवढं सांभाळा. पुढच्या खेपेला तुमचं पाणी मी देईन."

ते ओशाळं हसले. "भिया, दोस्ती अपनी जगह. पण ते भांडं मी कसं उचलू? आणि तुझ्या हातचं पाणी पिणार कोण?"

पाणीवाला होता, स्वयंपाकी होता, कंपाउंडर होता, फाटकावर दरवान होता. एवढी माणसं असून दवाखान्यात माणूस कमी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी धुऊन ठेवत होतो. पाहतो तर बायको फाटकातून आत येत होती. पदर खोचलेला, एक हात भिंतीला.

"अहो, तुम्ही जा. पहिली मोटार निघेल. मी करते."

हेडबाबू ओट्यावर आले. "बघ! झाली की नाही सोय? उगाच रडत होतास."

तिनं वाकून भांडं उचललं आणि वाकलेलीच राहिली. तिचे ओठ पांढरे पडले.

मी तिच्या हातातून भांडं घेतलं. चपला घातल्या. चपलांसकट कचेरीचा उंबरा ओलांडला आणि ते भांडं हेडबाबूंच्या टेबलावर, पानाच्या डब्याशेजारी ठेवलं.

"ती माझी बदली नाही. माझी बायको आहे. वॉर्ड सरकारचा आहे. बदली तुम्ही शोधा."

"अरे, बाटवलंस सगळं!" ते ओरडले. भांडं धुतलेलं, कोरडं होतं. तरी ते भिंतीला जाऊन चिकटले.

बायकोला घरी नेलं, शेजारणीच्या हाती दिलं आणि मोटार धरली.

अमझेऱ्याला माय जिवंत होती. डोळे खोल गेलेले. मला ओळखलं. कसा आलास, जेवलास का, काही विचारलं नाही. मरणाच्या दारातून तिनं पहिलं विचारलं ते एवढंच,

"बदलीला कोणाला ठेवलंस रे?"

"कोणालाच नाही, माय."

ती घाबरली. उठायला बघू लागली. "मग मी जाते," म्हणाली.

संध्याकाळी ती गेली.

मातीचं सगळं उरकून परतलो, तर दरवानानं फाटकावरच अडवलं. हजेरीपटावरून माझं नाव कमी झालं होतं. हेडबाबू आमच्या वस्तीत माणूस शोधायला स्वतः येऊन गेले होते. माझी बदली म्हणून कोणी उभं राहिलं नाही. शंकरराव बाहेर आले, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "तू गेल्यावर मीच उचललं रे. म्हातारा रडायला लागला, काय करणार? हात धुतले, झालं. जात काही गेली नाही भिया, वास तेवढा जाता जात नव्हता."

ते हसले. मी हसलो नाही. हात धुऊन होण्यासारखं होतं, तर माझी माय जन्मभर कशाला उभी राहिली?

मी रोज त्या फाटकावर जातो. चपला घालून. नाव परत चढेपर्यंत जाणार. चढलं की रजा लागेल तेव्हा मागेन आणि जाईन. माणूस कमी पडला तर हेडबाबूंनी आपल्या घरातून आणावा, नाहीतर स्वतः वाकावं.

मुलगी झालीय. तिला मी कोणाची बदली होऊ देणार नाही. माझीसुद्धा नाही.